वाळूतली विजेची शर्यत थांबली, म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या हिवाळ्यात गुहागरच्या पुळणीवर एक इलेक्ट्रिक गाडी रुतली. पर्यटकांची होती. गाडी दणकट, चाकं रुंद, पण सुक्या वाळूत मागची चाकं नुसतीच फिरत राहिली आणि बघता बघता गाडी पोटावर बसली. भरतीला दीड तास उरला होता. गावातून ट्रॅक्टर आला, दोर बांधला आणि गाडी निघाली. दोर बांधणाऱ्यांत माझा मावसभाऊ होता. मच्छीमारी करतो, आणि मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती बघायचा त्याला भारी नाद. हात झटकत मला म्हणाला, "दादा, ती वाळूतली इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यतपण बंद पडली ना? म्हणजे बॅटरीत दमच नाय."

तो म्हणत होता ती शर्यत म्हणजे एक्स्ट्रीम ई. ऑक्टोबर २०२५च्या सुरुवातीला सौदी अरेबियातल्या किद्दिया सिटीत तिचा निरोपाचा सामना झाला आणि पाच वर्षांचा हा खेळ संपला. "विजेच्या गाड्या हरल्या" असा त्याचा अर्थ लावणारे मला आणखी चार-पाच जण भेटले. त्यातल्या दोघांना यंदा गाडी घ्यायची आहे. चुकीच्या समजावर आठ-दहा लाखांचा निर्णय व्हायला नको, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शर्यत होती तरी कशी?

एक्स्ट्रीम ई ही विजेवरच्या गाड्यांची आडरानातली शर्यत. डांबरी ट्रॅक नाही, स्टेडियम नाही, तिकीट काढून येणारे प्रेक्षक नाहीत. बघायची ती टीव्हीवर किंवा मोबाइलवर. स्पेनच्या अलेहांद्रो अगाग यांनी ती उभी केली. शहरातल्या रस्त्यांवर धावणारी फॉर्म्युला ई सुद्धा त्यांनीच सुरू केलेली. पहिला सामना एप्रिल २०२१मध्ये सौदीच्या अल-उला वाळवंटात झाला. त्याच वर्षी गाड्या सेनेगलच्या किनाऱ्यावर, ग्रीनलंडमध्ये, इटलीच्या सार्डिनिया बेटावर आणि शेवटी इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये धावल्या. हवामान बदलाचा फटका जिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो तिथे जायचं आणि जगाचं लक्ष तिकडे वेधायचं, ही मूळ कल्पना.

लुईस हॅमिल्टन, निको रोझबर्ग आणि जेन्सन बटन या फॉर्म्युला वनच्या तीन विश्वविजेत्यांनी त्यात आपापले संघ उतरवले. पहिल्या वर्षी हॅमिल्टन आणि रोझबर्ग यांच्या संघांचे गुण अगदी सारखे झाले. जास्त सामने जिंकले म्हणून किताब रोझबर्गच्या संघाला मिळाला. पुढच्या वर्षी हॅमिल्टनच्या संघाने तो घेतला.

मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच होता. प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक स्त्री. गाडी एकच, रस्ता एकच. एक फेरी त्याने मारायची, मध्ये थांबून जागा बदलायची आणि दुसरी फेरी तिने, किंवा उलट. दोघांचा वेळ एकत्र मोजला जायचा. त्यामुळे कुठल्याही संघाला बाईला नुसतं फोटोपुरतं ठेवता आलं नाही, कारण तिची फेरी कच्ची राहिली तर सामनाच गेला. ऑस्ट्रेलियाची मॉली टेलर २०२१ची विजेती आणि स्पेनची क्रिस्तिना गुतिएरेझ २०२२ची, दोघीही बरोबरीच्या चालक म्हणून. मोटार शर्यतींच्या जगात हे याआधी एवढ्या सरळपणे कुणी केलं नव्हतं. आमच्या बंदरावर जाळं तो टाकतो आणि मासळी ती विकते. दोघांपैकी एक जण बसला तर घरात पैसा येत नाही. हिशोब तोच.

विहीर आणि पंप

आता मुद्द्याचं. विजेच्या गाडीबद्दल बोलताना दोन शब्द हमखास एकमेकांत गुंततात, युनिट आणि किलोवॅट.

युनिट म्हणजे साठा. लाइट बिलावर येतं तेच युनिट. किलोवॅट म्हणजे तो साठा किती जोरात उपसता येतो ते. विहिरीत पाणी किती आहे ही एक गोष्ट आणि विहिरीवरचा पंप किती हॉर्सपॉवरचा आहे ही दुसरी. मोठा पंप बसवला म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही. ते लवकर संपतं, एवढंच.

एक्स्ट्रीम ईमध्ये सगळ्या संघांना एकाच घडणीची गाडी मिळायची. तिचं नाव ओडिसी २१. तिची बॅटरी सुमारे ५४ युनिटांची, म्हणजे आमच्या घरी पंधरा दिवसांत जेवढी वीज जळते साधारण तेवढी. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटांची असते, म्हणजे विहिरीत फार फरक नाही. फरक पंपात. ओडिसीची ताकद ४०० किलोवॅट, म्हणजे पाचशेहून जास्त हॉर्सपॉवर. थांबलेल्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला साडेचार सेकंद पुरायचे.

भागाकार करून बघा. ५४ युनिटांच्या विहिरीला ४०० किलोवॅटचा पंप पूर्ण जोराने लावला तर विहीर आठ मिनिटांत कोरडी. शर्यतीत कुणी सतत पूर्ण ताकद लावत नाही, वळणावर पाय काढावाच लागतो. तरी अडचण किती मोठी होती ते यावरून कळेल. अल-उलाच्या पहिल्याच सामन्यात आयोजकांना ताकद ४०० वरून २२५ किलोवॅटवर आणावी लागली. उष्णता, खोल वाळू आणि फेरीची लांबी या तिन्हींचा मेळ बॅटरीला झेपत नव्हता.

वाळू एवढी ताकद खाते कुठे?

हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज पडू नये. भरतीच्या रेषेखालच्या ओल्या, घट्ट वाळूवर आपण मैलभर चालतो. वरच्या सुक्या पुळणीत शंभर पावलं टाकली की पोटऱ्या भरून येतात. प्रत्येक पावलाला वाळू खाली दबते, बाजूला सरते, आणि पुढचं पाऊल त्या खड्ड्यातून वर काढावं लागतं. चाकाचं तसंच. डांबरावर चाक घरंगळतं. वाळूत ते सतत एका छोट्या चढावर चढत असतं. म्हणून सपाट पुळणही गाडीला घाटासारखी लागते. टायरमधली हवा कमी केली की चाक पसरतं, वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि गाडी रुतायची थांबते. त्या पर्यटकांनी हवा कमी केली असती तर ट्रॅक्टर लागला नसता.

इथे विजेच्या मोटरचा एक मोठा गुण कामाला येतो. होडी पाण्यातून वाळूवर ओढायची असते तेव्हा पहिला हिसका सगळ्यात जड. एकदा होडी हलली की पुढे सोपं. चाक फिरवणाऱ्या या पिळाला टॉर्क म्हणतात. पेट्रोलचं इंजिन थोडं फिरल्याशिवाय पुरता पीळ देत नाही, त्याला आधी रेस द्यावी लागते. विजेची मोटर मात्र शून्यापासूनच पुरा पीळ देते. म्हणून ओडिसी १३० टक्के चढ चढू शकेल अशी बनवलेली होती, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १३० मीटर वर. असा चढ माणूस दोन पायांवर नीट चढू शकत नाही.

तेव्हा "दम नाही" हे सरळ चूक आहे. दम भरपूर होता, शिदोरी थोडी होती.

धुळीने मात्र वेगळाच त्रास दिला. चिरेखाणीवरून येणाऱ्या ट्रकच्या मागे मे महिन्यात ज्याने दुचाकी चालवली आहे, त्याने अल-उलाचं दृश्य मनात आणावं. पहिली गाडी निघाली की मागच्यांना पुढचं काही दिसेना. एकदा मागे पडलेली गाडी मागेच. चालक जिवावर उदार होऊन लोटात शिरायचे, काही गाड्या उलटल्या आणि एकमेकींवर आदळल्याही. शर्यत म्हणजे चुरस, आणि चुरशीसाठी समोरचं दिसावं लागतं.

आडरानात चार्जिंग कुठलं?

अल-उलाच्या वाळूत विजेचा खांब कुठे असणार? डिझेल जनरेटर लावला तर विजेच्या गाड्यांच्या शर्यतीला काही अर्थच उरत नाही. म्हणून त्यांनी हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल नेला. फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांना एकत्र आणून थेट वीज बनवणारं यंत्र. काही जळत नाही, धूर नाही, मागे उरतं ते पाणी. त्या विजेवर गाड्या चार्ज व्हायच्या.

म्हणजे गाडी बॅटरीवर धावत असली तरी तिच्या पोटात जाणारी वीज पहिल्या दिवसापासून हायड्रोजनची होती. निरोपाचं कारण समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

मग बंद का झाली?

आयोजकांनी सांगितलेलं कारण असं, की त्यांना पूर्णपणे हायड्रोजनकडे वळायचं होतं. नव्या शर्यतीचं नाव एक्स्ट्रीम एच. किद्दियाला एक्स्ट्रीम ईचा निरोप झाल्यावर तिथेच लगेच एक्स्ट्रीम एचचा पहिला विश्वचषक भरला. जुन्या घरातून निघून त्याच अंगणात नवं घर बांधावं तसं.

पण एवढं सांगून भागत नाही. २०२४मध्ये चार ठिकाणी सामने ठरले होते. सौदी आणि स्कॉटलंड इथले झाले, सार्डिनिया आणि अमेरिकेतल्या फिनिक्सचे सप्टेंबरमध्ये रद्द केले गेले. त्याआधी, पहिल्या वर्षी कोविडमुळे ब्राझील आणि अर्जेंटिनाचे सामने गेले होते. माझ्या मते खरी अडचण पैशाच्या गणितात होती. प्रेक्षक नाहीत म्हणजे तिकिटं नाहीत, खाण्यापिण्याचे ठेले नाहीत, गावाला जत्रेसारखी कमाई नाही. सगळा भार जाहिरातदारांवर आणि प्रक्षेपणावर. आणि प्रत्येक सामन्याला अख्खं बिऱ्हाड जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं. दशावतारी कंपनीलाही गावोगाव पेटारे न्यावे लागतात, पण तिथे गाव समोर बसलेलं असतं. समोर कुणीच नसताना दर वर्षी तोच उत्साह टिकवणं फार कठीण. गाडी कमी पडली म्हणून ही शर्यत थांबली असं मला कुठेच दिसत नाही.

हायड्रोजन एवढा चांगला, तर आपल्या गाडीत का नको?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे.

वजनाच्या दृष्टीने हायड्रोजन फार हलका. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिटं असतात. फ्युएल सेलमधून निम्मी गेली तरी सोळा-सतरा हाती लागतात. एक किलो बॅटरीत एका युनिटाचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा मावतो. हायड्रोजनची टाकी खूप दाबाखाली असते, म्हणून जाड आणि जड. एका किलो हायड्रोजनला अठरा-वीस किलोची टाकी लागते. टाकी धरूनही हायड्रोजन बॅटरीपेक्षा हलकाच पडतो.

नव्या शर्यतीच्या गाडीचं नाव पायोनियर २५. तिच्यात ७५ किलोवॅटचा फ्युएल सेल आहे आणि सोबत ३६ युनिटांची बॅटरी. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगायचं तर फ्युएल सेल हा झरा. तो एका संथ गतीने विहिरीत पाणी सोडत राहतो आणि पंप गरजेप्रमाणे जोरात उपसतो. त्यामुळे विहीर लहान चालते. पण हे सगळं सामान एकत्र केल्यावर गाडी दोन टनांच्या वर गेली, ओडिसीपेक्षा जड. हलक्या इंधनाचा फायदा छोट्या गाडीत टाकी, नळ्या आणि यंत्रांनीच खाऊन टाकला. जहाज, लांब पल्ल्याचा ट्रक, पोलादाची भट्टी अशा मोठ्या कामांत तो फायदा टिकतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, तेही मुख्यतः अशा मोठ्या कामांवर नजर ठेवून. हरित म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून बनवलेला हायड्रोजन.

दुसरी गोष्ट गळतीची. आंब्याची पेटी बागेतून थेट टेम्पोने वाशीला गेली तर आंबे शाबूत पोहोचतात. तीच तीन ठिकाणी उतरवून चढवली तर प्रत्येक ठिकाणी चार आंबे दबतात. सौर पॅनेलवर बनलेली १०० युनिटं थेट बॅटरीत भरली तर चाकापर्यंत साधारण ७५ ते ८० पोहोचतात. त्याच १०० युनिटांनी पाणी फोडून हायड्रोजन बनवला, तो दाबून भरला आणि फ्युएल सेलमध्ये पुन्हा त्याची वीज केली, तर चाकाला मिळतात साधारण ३०. घराजवळ प्लग असताना दोन तृतीयांश वीज वाटेत सांडायची कशाला? वाळवंटात प्लगच नाही, म्हणून तिथे हा तोटा सोसला जातो.

"पण त्यांचं जहाज तर तेलावर चालायचं ना?"

चालायचं. गाड्या आणि सामान नेणारं सेंट हेलेना हे जहाज डिझेलवर धावायचं. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाला केपटाउनशी जोडणारी ही जुनी टपाल-बोट. बेटावर विमानतळ झाला आणि २०१८मध्ये बोटीची फेरी थांबली. ज्यांनी मुंबईहून बोटीने येऊन पडावात उतरायचे दिवस पाहिले आहेत, त्यांना त्या बेटावरच्या लोकांचं मन कळेल. शर्यतवाल्यांनी बोट विकत घेऊन दुरुस्त केली आणि तिच्यावरच्या पोहण्याच्या तलावाच्या जागी शास्त्रज्ञांसाठी प्रयोगशाळा केली. एक टन माल विमानाऐवजी जहाजाने नेला तर प्रदूषण कितीतरी पटींनी कमी होतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे.

तरीही वितळणारं बर्फ दाखवायला ग्रीनलंडपर्यंत शर्यत नेणं मला पटलं नाही. शर्यत नसती तर ते तेल जळलंच नसतं. त्यांच्या जोडकामांचं मोल मात्र मी मानतो. सेनेगलमध्ये त्यांनी दहा लाख कांदळवनाची झाडं लावायच्या कामाला हात दिला. खाजणात ज्याने चिपीची रोपं लावली आहेत त्याला ठाऊक आहे, की रोप लावणं हे अर्धंही काम नाही. लावलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती उभी आहेत, ते मोजायला हवं.

घाट, पाऊस आणि खारं पाणी

आता आपल्या दाराशी येऊ. घाटात विजेची गाडी चालते का? कुंभार्लीसारखा घाट घ्या आणि चढ ६०० मीटरचा धरा. दीड-पावणेदोन टनांची गाडी वर न्यायला, नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त, साधारण तीन युनिटं जास्त लागतात. उतरताना मोटरच जनरेटर होते, गाडीला धरून ठेवते आणि त्यातली दीड-पावणेदोन युनिटं बॅटरीत परत येतात. डिझेलची गाडी उतरताना ब्रेक तापवते, हाती काही लागत नाही. घाटासाठी विजेची गाडी चांगली, हे मी बिनधास्त सांगतो.

पावसाचंही भय नको. बॅटरी बंदिस्त असते. खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. मीठ विजेला वाट देतं आणि धातू खातं. २०२२मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळाने समुद्राचं पाणी घुसलं, तेव्हा बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी पेट घेतला. म्हणून गाडी भरतीत सापडली तर ती चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, घराला आणि दुसऱ्या गाडीला लागून उभी करू नका. आधी मेकॅनिकला दाखवा.

मुळात पुळणीवर गाडी नेऊच नका. त्याचं दुसरं कारण वाळूच्या आत दीड फुटावर असतं. ऑलिव्ह रिडले कासविणी थंडीत आपल्या किनाऱ्यांवर येतात, एका घरट्यात शंभरेक अंडी घालतात आणि ती दीड-दोन महिने तशीच वाळूत असतात. वेळासच्या लोकांनी वीस वर्षांहून जास्त काळ ही घरटी जपली आहेत. चाकाखाली वाळू दबली की पिल्लांना वर येता येत नाही, आणि आलीच तर चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. गाडी पेट्रोलची असो की विजेची, पिल्लाला तिचं वजन सारखंच.

हे सगळं मावसभावाला सांगितलं तेव्हा तो होडीच्या काठावर बसून जाळं शिवत होता. त्याने एकच विचारलं, "मग माझ्या होडीला बसंल का बॅटरी?"

आम्ही तिथेच हिशोब मांडला. त्याची मोटर दहा हॉर्सपॉवरची. अर्ध्या जोरावर चार तास चालवायची म्हणजे पंधरा युनिटं. पंधरा युनिटांची बॅटरी, पाण्यापासून जपणाऱ्या पेटीसकट, सव्वाशे ते दीडशे किलो. त्याने सुई थांबवली, होडीकडे पाहिलं.

"म्हणजे दोन माणसांचं वजन," तो म्हणाला. "ती दोन उतरवली तर जाळं कोण ओढणार?"